पाठमोरी

१

वाळवंटातून परत आली की ताई दाराशीच बूट उलटे करून झाडायची, आणि ती वाळू सुपलीत भरून टाकायचं काम धाकटीचं, अशी त्या घरातली जुनी वहिवाट होती.

"एवढ्या लांबून आणते मी. तू भर तरी," ताई म्हणायची.

"फोटो आण म्हटलं होतं, अख्खं वाळवंट नव्हे," धाकटी म्हणायची.

मग ताई आंघोळ करून दिवसभर झोपायची आणि उठली की प्रिंट काढायला बसायची. जाड मॅट कागदावरचे, टेबल झाकून टाकतील एवढे मोठे प्रिंट. ते वाळले की धाकटीच्या ताब्यात. धाकटी त्यांच्यावर पारदर्शक प्रायमरचा हात देणार, आणि मग त्या फोटोवरच रंग चढवणार. एखादी टेकडी जांभळी करायची, कुठे आभाळ खाली ओढून वाळूत मिसळून टाकायचं. फोटो कुठे संपला आणि चित्र कुठे सुरू झालं, हे भल्याभल्यांना कळत नसे. प्रदर्शनात लोक चित्राला नाक लावून उभे राहायचे आणि दोघी बहिणी मागे उभ्या राहून एकमेकींना कोपर मारायच्या. चित्राखाली सही दोघींची मिळून एकच असायची.

वाळवंट मात्र धाकटीने स्वतः कधी पाहिलं नव्हतं. "तुला ऊन सोसत नाही," असं ताईने फार पूर्वी ठरवून टाकलं होतं, आणि ताईने ठरवलं की ठरलं. आई गेली तेव्हा धाकटीला स्वतःच्या बुटांची नाडीसुद्धा बांधता येत नव्हती. तिचे डबे, तिचे ताप, तिची रडारड, सगळं ताईनेच निस्तरलं. आता दोघींच्याही केसांत पांढरं डोकावायला लागलं होतं, तरी सकाळी धाकटीची वेणी ताईच घालायची. धाकटीचे हात रंगाने बरबटलेले असतात, हे सांगायचं कारण. खरं म्हणजे तेवढा वेळ दोघींनाही हवा असायचा.

चित्रांतलं घर ही सर्वस्वी धाकटीची करामत. एका प्रिंटमध्ये नुसत्या टेकड्याच टेकड्या होत्या, डोळ्याला टेकायला जागा नव्हती, म्हणून तिने एक ठेंगणं, सपाट छपराचं घर काढलं. घाईत काढलं आणि सावली चुकवली. टेकड्यांच्या सावल्या उजवीकडे आणि घराची डावीकडे! लक्षात आलं तोवर चित्र फ्रेममध्ये जाऊन भिंतीवर लागलं होतं. कोणाला पत्ताही लागला नाही. उलट लोकांना ते घर फार आवडलं. मग प्रत्येक चित्रात घर आलं आणि गंमत म्हणून धाकटीने सावली दर वेळी चुकीचीच ठेवली. हे तिने ताईलाही सांगितलं नव्हतं. एवढं एकच काय ते तिचं स्वतःचं होतं.

२

थंडी सरता सरता धाकटीने एकदाचं तोंड उघडलं. दुसऱ्या गावच्या कलाशाळेत तिला शिकवायला बोलावलं होतं, आणि येत्या प्रदर्शनानंतर ती जाणार होती.

ताई लेन्स पुसत होती. पुसतच राहिली.

"आणि माझ्या फोटोंवर रंग कोण लावणार?"

"शोध की कोणीतरी. नाहीतर नुसते फोटोच लाव. चांगले असतात."

"नुसते फोटो बघायला कोण येतं?"

"ताई, मला कोऱ्या कॅनव्हासवर काम करायचंय गं. आत्तापर्यंत सगळं तू पाहिलेलंच रंगवत आले."

आरडाओरडा होईल, चार दिवस अबोला होईल, अशी तयारी धाकटीने ठेवली होती. तसलं काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी वेणी घालता घालता ताई सहज म्हणाली, "जा तू. पण जाण्याआधी माझं एक काम कर. त्या घराला एक खिडकी काढ, आणि खिडकीत तू. कामाला बसलेली. मला आठवण."

धाकटीने त्याच दिवशी ब्रश घेतला. आरशात बघून स्वतःचं तोंड काढायचा तिला कायमचा कंटाळा, म्हणून तिने स्वतःला पाठमोरी काढलं: टेबलावर वाकलेली, पाठीवर वेणी. मागचं आपलं आपल्याला दिसत नाही, तेव्हा ताईनेच तिचा पाठमोरा फोटो काढून दिला. खिडकी लहान ठेवली, हात बाहेर येईल एवढीच. चित्र साधलं. ताई त्याच्यापुढे कितीतरी वेळ बसून राहिली.

ते चित्र ताईने प्रदर्शनासाठी दिलं नाही. गुंडाळलं आणि पुढच्या फेरीला निघाली तेव्हा गाडीत घातलं.

"हे कशाला नेतेस?" धाकटीने विचारलं.

"असू दे. बरोबर असलेली बरी," ताई म्हणाली.

३

त्या फेरीचे प्रिंट वाळून टेबलावर आले. धाकटी प्रायमरची बाटली हलवत उभी राहिली. वरच्याच प्रिंटमध्ये, दोन टेकड्यांच्या मधे, घर होतं. तिला पहिल्यांदा काहीच खटकलं नाही. घर नेहमीच असतं. तिने ब्रश बुडवला, आणि मग हात तिथेच थांबला. हा प्रिंट कोरा होता. तिने अजून त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

ती तो उचलून खिडकीशी घेऊन गेली आणि उजेडात तिरपा धरला. रंग असेल तर तो तिरप्या उजेडात उठून दिसतो. इथे काही उठलं नव्हतं. तिने भिंतीवरून हलकेच नख फिरवलं. कागद गुळगुळीत लागला. घराची सावली डावीकडे पडली होती.

"ताई, माझं घर कापून फोटोत चिकटवलंस का गं?" तिने तिथूनच हाक दिली.

"हो," पलीकडच्या खोलीतून उत्तर आलं. "जरा गंमत केली. चालतंय ना?"

"सांगायचं तरी! दचकले ना मी."

"भित्री भागूबाई."

झालं, विषय मिटला. संगणकावर काय वाटेल ते करता येतं, हे काय धाकटीला ठाऊक नव्हतं? तिने प्रायमर लावायला घेतला. पण मन काही स्वस्थ बसेना. तिने भिंग काढलं. तिच्या घराच्या भिंती म्हणजे रुंद ब्रशाचे पाच-सहा फटकारे. उचलून चिकटवलं असतं तर ते फटकारे दिसायला हवे होते. या भिंतींचा गिलावा उडालेला होता. खाली, पायथ्याशी, वाऱ्याने वाळू साचली होती. वाळूवरच्या लाटा घरापर्यंत येऊन दोन्ही बाजूंनी वळून गेल्या होत्या, एखादी खरीखुरी वस्तू वाटेत आली की वळतात तशा.

दुसऱ्या प्रिंटमध्ये घर जवळ होतं. तिसऱ्यात आणखी जवळ. त्यात खिडकी होती, आणि खिडकीतल्या अंधारात कोणाची तरी पाठ. हलल्यामुळे ती पाठ थोडी पुसट आली होती.

चित्रातलं माणूस हलत नाही. धाकटीने भिंग खाली ठेवलं आणि सगळे प्रिंट पालथे घातले. त्या दिवशी तिने ब्रश धुण्यातच वेळ काढला. धुतलेलेच ब्रश पुन्हा पुन्हा धुतले.

४

आठवड्याभराने गॅलरीवाल्या बाईंचा फोन आला. या बाई बोलायला लागल्या की ऐकणाऱ्याला फक्त हुंकार द्यायची मुभा असे.

"काय हो, इतकी वर्षं आमच्यापासून लपवून ठेवलंत? ती छोटी चित्रं! मी तर बघून खालीच बसले. आमचे हे म्हणाले, पाणी देऊ का?"

"कुठली चित्रं?"

"कुठली म्हणजे? ताईंनी आणून दिली ती. घराच्या आतली."

घर तिने आतून कधी काढलंच नव्हतं. तिच्या डोक्यात ते घर चार भिंतींच्या पलीकडे कधी गेलंच नव्हतं.

बसमध्ये बसल्यावर तिच्या मनाने एक सरळ हिशोब मांडला, आणि तो मांडल्यावर भीती पळाली, राग आला. ताईने दुसरी कोणीतरी गाठली होती. आपण अजून घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही, आणि हिने आपली जागा भरूनसुद्धा टाकली! आपल्यासारखं काढायला शिकवलं असणार. आपलं घर देऊन टाकलं असणार. आणि तोंडावर काय, तर "जा तू".

गॅलरीत नवीन रंगाचा आणि पुठ्ठ्याचा वास होता. बाईंनी चित्रं भिंतीला टेकवून ठेवली होती. वहीएवढे लहान प्रिंट, त्यांच्यावर रंग. उघडी भिंत. टेबलाचा कोपरा. आतून दिसणारी लहानशी खिडकी आणि खिडकीबाहेर, उन्हात, कॅमेरा डोळ्याला लावून उभी असलेली ताई.

"तुमचा हात लपत नाही हो," बाई म्हणाल्या. "मी शंभरात ओळखेन."

खरंच लपत नव्हता. धाकटी वाकून बघत राहिली. ब्रश कुठे उचलायचा, कुठे नुसता टेकवून सोडून द्यायचा, हे उसनं घेता येत नाही. चित्र पुरं झालं की कडेचा रंग ती अंगठ्याने पुसायची; इथेही पुसला होता. अंगठ्याचा ठसा रंगात स्वच्छ उमटला होता, आणि त्या ठशाच्या मधून एक तिरपी रेघ गेली होती. लहानपणी डब्याच्या पत्र्याने कापलं होतं, ती रेघ. धाकटीने आपला अंगठा त्याच्या शेजारी धरला. मग घाईने मागे घेतला. रंग अजून ओलसर होता.

"आणि बरं झालं बाई," गॅलरीवाल्या बाई तिच्या पाठीवर थोपटत म्हणाल्या, "ते जाण्याचं काय ते तुमच्या डोक्यातून गेलं. ताई म्हणाल्या, धाकटी कुठे जात नाही आता. कायमची माझ्याजवळच."

५

ताई स्वयंपाकघरात ब्रेड कापत होती.

"कोण आहे ती?" धाकटीने चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"कोण?"

"सोंग करू नकोस. छोटी चित्रं कोणी काढली?"

ताईने सुरी खाली ठेवली. हात पुसले. "तू," ती म्हणाली.

"ताई, मला वेडी ठरवायची असेल तर तसं सांग. माझा अंगठा आहे त्याच्यावर. माझा! कसा उचललास? झोपेत हात धरलास की काय माझा?"

"ओरडू नकोस."

"मी तुला विचारून जात होते. तुझ्या तोंडावर सांगून जात होते. आणि तू मागच्या दाराने..."

ताईने तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. आजारपणात बसायची तशी तिच्या पायाशी बसली. तिचे डोळे भरले होते. डोळ्यांतलं ते पाणी खोटं नव्हतं, हे धाकटीला तेव्हाही कळलं आणि नंतरही त्याच्यावर कधी शंका घेता आली नाही.

"उद्या चल माझ्याबरोबर," ताई म्हणाली. "दाखवते सगळं."

"तिथे?"

"तिथेच."

एवढ्या वर्षांत ताईने हे कधी म्हटलं नव्हतं. धाकटीचा राग अर्ध्यावरच अडला. मनाच्या एका कोपऱ्यात, लाज वाटावी असा, थोडा आनंदसुद्धा झाला.

"फक्त आज एक कर," ताई पुढे म्हणाली. "त्या घराला दार नाही गं. खिडकीच्या चित्रात एक दार काढून दे. मी आणलंय ते परत."

कोणीही म्हणेल, त्या क्षणी तिने नाही म्हणायला हवं होतं. पण ताईने सांगितलं की करायचं, ही सवय रागापेक्षा जुनी होती. राग तसाच ठेवून तिने दार काढलं. ताई खांद्यामागे उभी होती.

"कडी बाहेरून काढ."

"बाहेरून? आतल्या माणसाने लावायची कशी?"

"वाऱ्याने उघडतं," ताई म्हणाली.

दार सुरेख आलं. रंगात ब्रशाचा एक केस तेवढा चिकटून राहिला. तो काढायचा धाकटीला कंटाळा आला.

६

सकाळी ताईने तिची वेणी नेहमीपेक्षा सावकाश घातली. मग दोघी निघाल्या. रस्ता आधी रुंद होता, मग अरुंद झाला, मग नुसत्या चाकांच्या खुणा उरल्या. ताई मधेच गाडी थांबवून धाकटीचा रुमाल ओला करून देई, डोक्यावरून घ्यायला लावी. "घोट घोट पी, एकदम नको," असं बजावी. इतक्या मायेने वागणाऱ्या माणसाला जाब तरी काय विचारायचा?

वाळवंट धाकटीने रंगवलं होतं तसं नव्हतं. जांभळं नव्हतं, सोनेरी तर नव्हतंच. मळक्या चादरीसारखं होतं, आणि आवाज करत होतं. वारा नसतानाही कुठेतरी वाळू घसरल्याचा बारीक आवाज येत होता. तिला थोडं हसू आलं. यासाठी मी एवढी झुरत होते!

टेकडी चढून ताई थांबली. खाली घर होतं.

धाकटीने आधी आपल्या पायाशी पाहिलं. तिची सावली उजवीकडे पडली होती. ताईची उजवीकडे. घराची डावीकडे, ऊन येत होतं त्याच बाजूला, काळीभोर.

कोणीतरी बांधलं असेल, तिने स्वतःला समजावलं. चित्र बघून हौसेने बांधतात लोक. पण सावली कशी बांधणार? एवढं मनात आल्यावर तिने विचार करायचं सोडून दिलं आणि ती उतरायला लागली, कारण तिथे उभं राहणं जास्त कठीण होतं.

दार नवं होतं. ओल्या रंगाचा वास येत होता. लाकडाच्या मधोमध, रंगात रुतलेला, ब्रशाचा एक केस होता.

शेजारच्या लहान खिडकीतून आतली पाठ दिसत होती. टेबलावर वाकलेली, खांद्यांमधून उतरलेली वेणी. ब्रश कागदावर घासल्याचा आवाज येत होता. धाकटीने हा आवाज आयुष्यभर स्वतःच्याच हातून ऐकला होता. दुसऱ्याच्या हातून ऐकताना तिच्या दातांत कळ आली.

"ताई, कोण आहे ती?"

"तू जाणार म्हणालीस ना," ताई म्हणाली.

"म्हणून?"

"ती कुठे जात नाही. सांगितलं तेवढं करते." ताई खिडकीकडे बघून बोलत होती, आवाज अगदी हळू, झोपलेल्या माणसाजवळ बोलावा तसा. "पण खिडकीतून दोन हात बाहेर यायचे, बस. चित्रं घ्यायची आणि परत जायचं. बिचारीला घरी न्यायची म्हटलं तर न्यायची कुठून?"

हे बोलणं धाकटीच्या कानांनी घेतलं, डोक्याने नाही. डोक्यात एकच होतं. आपला हात, आपलं घर, आपली ताई, सगळं चोरून बसलेल्या त्या बाईचं तोंड बघायचं. तिने कडी काढली आणि ती आत गेली.

७

खोली लहान होती. टेबल, खुर्ची, भिंतीशी रचलेले प्रिंट, रंगांच्या नळ्या. उकाडा नव्हता, गारवाही नव्हता. बाहेर ऐकू येणारा वाळूचा आवाज आत आल्याबरोबर तुटला, आणि ब्रशाचा तेवढा राहिला.

"इकडे बघ," धाकटी म्हणाली.

ब्रश थांबला नाही.

धाकटी भिंतीच्या कडेकडेने टेबलाला वळसा घालायला लागली. बाजूला आली तेव्हा गाल दिसायला हवा होता. तिला पाठ दिसली. उजेड कमी आहे, म्हणून तिने डोळे चोळले. आणखी पुढे गेली. आता ती टेबलाच्या पार पलीकडे, अगदी समोर उभी होती. समोर खांदे होते, मान होती, आणि सकाळी ताईने तिला घातली होती तशीच, सावकाश, घट्ट घातलेली वेणी.

मग ती वेणी थोडी वर झाली. माणूस मान वर करून बघतं, तशी.

"ताई!" धाकटी भिंतीला चिकटली. "ताई, हिला तोंडच नाही!"

"असू दे गं," ताई दारातून म्हणाली. अगदी समजुतीने म्हणाली. "इतकी वर्षं मला तुझी पाठच दिसत आली आहे. सकाळी वेणी घालताना पाठ, दिवसभर टेबलाशी पाठ. मला सवय आहे."

धाकटीने डोळे गच्च मिटले. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पावलं झाली, तिच्या चालीची, उजवा पाय किंचित ओढत जाणारी. काहीतरी तिच्या अगदी जवळून गेलं आणि तिला स्वतःच्याच केसांचा, टर्पेंटाइनचा आणि साबणाचा वास आला. नंतर दार लागलं. कडी सरकली.

डोळे उघडले तेव्हा खुर्ची रिकामी होती. ती दाराकडे धावली आणि तिचे हात भिंतीवर आपटले. तिने वरखाली चाचपून पाहिलं, नखं रुतवून पाहिलं. दार तिने बाहेरून काढलं होतं. आतल्या बाजूला नुसती भिंत होती.

खिडकीतून हात बाहेर काढून तिने हाका मारल्या. टेकडी चढणाऱ्या दोघी तिला दिसत होत्या. ताईने दुसरीच्या पाठीवर हात ठेवला होता. मधेच थांबून ताईने तिच्या वेणीवरची वाळू झटकली, आणि ते इतक्या जपून केलं की धाकटीची हाक घशातच विरली. दोघी टेकडीपलीकडे गेल्या. गाडीचं एक दार लागलं.

मग दुसरं लागलं.

८

घसा बसेपर्यंत तिने हाका मारल्या. मग रडली. मग ताईला असतील नसतील त्या शिव्या घातल्या. लहानपणी ज्यांच्यासाठी ताईनेच तिच्या तोंडात मारलं होतं, त्याही. सगळं करून झाल्यावर खोली होती तशीच होती.

ताई येईल, असं तिने स्वतःला सांगितलं. माझ्यासाठी नाही आली तरी चित्रांसाठी येईल. आणि आली की मी तिला तोंड दाखवणार. डोळ्याला डोळा लावून बघणार आणि एकच विचारणार, तुला हे जमलं कसं?

तिने टेबल ढकलत फिरवलं, खुर्ची ओढली आणि ती खिडकीकडे तोंड करून बसली. काम करायचं नाही असं ठरवलं होतं. पण तिथे दुसरं काही नव्हतंच, आणि हातांना नुसतं बसायची सवय नव्हती. म्हणून तिने ब्रश घेतला. एक प्रिंट झाला, दुसरा झाला. भूक लागत नव्हती. झोप येत नव्हती. मधूनच मान वर करून ती खिडकीकडे बघे, आणि खिडकीत तेच ऊन असे.

गाडीचा आवाज आला तेव्हा तिने ब्रश खाली ठेवला आणि ताठ बसली.

ताई एकटीच आली. टेकडी उतरताना दोनदा थांबली, गुडघ्यावर हात ठेवून. खिडकीशी आली तेव्हा धाकटीला ती एकदम म्हातारी वाटली. डोळ्यांखाली काळं आलं होतं, केस विंचरलेले नव्हते. काखेत कोऱ्या प्रिंटची गुंडाळी होती, ती आत द्यायची सोडून ताई नुसतीच उभी राहिली.

"ती बोलते," ताई म्हणाली. "तुझ्याच आवाजात बोलते. हाक मारली की ओ देते. पण वळत नाही गं. जेवायला बसते तीही पाठमोरी. मी टेबलाभोवती फिरते. हाताने मान वळवून बघते. तरी पाठच. काल मी तुझे जुने फोटो काढले, निदान तोंड तरी बघावं म्हणून. एकसुद्धा नाही सापडला. सगळे मीच काढलेले, आणि सगळे मागून."

धाकटी तिच्याकडे बघत होती. ठरवलेला प्रश्न जिभेवर होता.

ताईने खिडकीशी तोंड आणलं. तिचे डोळे धाकटीच्या डोळ्यांपर्यंत आले, आणि तिथे न थांबता तिच्या केसांवरून फिरत राहिले, काहीतरी शोधत असल्यासारखे.

"धाकटे, रुसलीस?" ताई म्हणाली. आवाज फुटला होता. "चुकलं माझं. अगं, वळ ना इकडे. एकदाच वळ. तोंड बघू दे तुझं."

धाकटी खिडकीकडे तोंड करूनच बसली होती.